बॅटरीविना हवेचा झोत ओळखणारा सेन्सर: कोणी करून पाहिलाय का?

खटपट्या फोंडेकर
१६ मे, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

माझ्या दादा-वहिनीची फोंड्यात छोटी खानावळ आहे. स्वयंपाकघर मागच्या अंगाला, खिडकी एकच आणि तीही शेजाऱ्याच्या भिंतीला तोंड करून. सगळी मदार डक्टमधल्या एक्झॉस्टवर. गेल्या महिन्यात एका रविवारी, ऐन दुपारच्या गर्दीत, त्या पंख्याचा बेल्ट तुटला. मोटर मात्र फिरतच राहिली. घरघर ऐकू येते म्हणजे पंखा चालू, असं सगळे धरून चालले. त्या दिवशी कोपऱ्यात कोळशाची शेगडीही पेटलेली होती. पाऊण तासाने भांडी घासणारा मुलगा डोकं धरून उंबऱ्यावर बसला. वहिनीलाही मळमळत होतं, तिला वाटलं उकाड्यानं. मुलाला बाहेर आणून बसवल्यावर कुणीतरी हुडच्या जाळीखाली हात धरला, तेव्हा कळलं की हवा ओढलीच जात नाहीये.

दोघंही तासाभरात ठीक झाली. पण माझ्या डोक्यातून ते जाईना. मोटर चालू आहे की नाही हे सांगणारे दिवे बाजारात मिळतात. हवा खरोखर वाहते आहे का, हे कोण सांगणार?

डक्टमध्ये सेन्सर बसवायचा तर वायर न्यावी लागते, आणि आत तेलाचा चिकटा नि वाफ. बॅटरीचा बसवला तर ती बदलायला वर चढणार कोण? आमच्या घरात भिंतीवरचं घड्याळ गेल्या चवथीपासून सव्वाचारला थांबलंय. म्हणून शोधाशोध केली आणि ह्या नादाला लागलो: ज्या हवेवर लक्ष ठेवायचं, तिच्याच जोरावर वीज करून चालणारा सेन्सर.

कल्पना पिंपळपानाची आहे. आंबा-फणस चिडीचूप उभे असतात तेव्हाही पिंपळ सळसळतो, कारण त्याच्या पानाचा देठ लांब आणि लवचिक. तशी एक पातळ पट्टी झोतात धरली की ती फडफडते, आणि वेग वाढला की फडफडही वाढते. ह्या फडफडीतून वीज काढायचे मुख्य मार्ग दोन. पहिला पीझोचा, म्हणजे वाकवलं की विद्युतभार देणारा पदार्थ. स्फटिकांमधला हा गुण क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवला, आणि पीव्हीडीएफ नावाच्या प्लास्टिकमध्ये तो कावाई ह्या जपानी संशोधकाने १९६९ मध्ये. कॉर्नेल विद्यापीठात २००९ मध्ये अशीच देठावर लटकणारी पीझोची पानं करून वाऱ्यात फडफडवली होती.

दुसरा मार्ग घर्षणाचा. फुगा केसांवर घासला की कागदाचे कपटे उचलतो, तोच प्रकार. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना टेकले की एकाचे इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात, आणि दूर झाले की मागच्या धातूच्या पत्र्यांमध्ये भार इकडून तिकडे ढकलला जातो. जॉर्जिया टेकमधल्या झोंग लिन वांग यांच्या गटाने २०१२ मध्ये ह्याच तत्त्वावर छोटा जनित्र केला. तेव्हापासून ट्रायबोइलेक्ट्रिक नॅनोजनरेटर ह्या भारदस्त नावाखाली जगभर खटाटोप चालू आहे. टेफ्लॉन इलेक्ट्रॉन पकडण्यात पटाईत, नायलॉन आणि आपले केस सोडण्यात, अ‍ॅल्युमिनियम मधोमध कुठेतरी.

काजू पॅकिंग करणाऱ्या मित्राकडून हीट सीलरची सगळ्यात पातळ टेफ्लॉन पट्टी मागून आणली. दोन अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, मध्ये ६ मिलिमीटर फट, त्या फटीत एका टोकाला चिमटलेली पट्टी. टेबलफॅनसमोर धरल्यावर ती छान थरथरली. मल्टिमीटर लावला तर शून्य. दोन दिवस डोकं खाजवल्यावर उलगडा झाला: ह्या पट्टीत व्होल्टेज भरपूर, पण करंट मायक्रोअँपियरच्या घरात, आणि मल्टिमीटरचा १० मेगाओमचा रोधसुद्धा तिला जड जातो. मग मित्राचा ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) आणला, मध्ये ऑप-अ‍ॅम्पचा बफर (सिग्नलवर भार न टाकता तो पुढे देणारं सर्किट) टाकला, आणि पडद्यावर देखणी लाट उमटली. सेकंदाला बरोब्बर ५० हेलकावे!

वहिनीला हाक मारून दाखवलं. तिने शांतपणे फॅनचं बटण बंद केलं. पट्टी थांबली. पडद्यावर अजून ५० हेलकावेच.

तर मंडळी, मी भिंतीतल्या वायरिंगचा गूंज मोजत होतो (घरची वीजही सेकंदाला ५० हेलकावेच घेते). रोध इतका मोठा असला की ती पट्टी अँटेनाच होते.

आता पत्र्याचं कवच जमिनीला जोडल्यावर गूंज बराच गेलाय आणि खरी फडफड दिसते. विचारायचंय ते असं की ह्यातून रेडिओ संदेश पाठवण्याइतकी ऊर्जा साठवता येईल का? आणि हे प्रत्यक्ष स्वयंपाकघरात टिकेल का?

सुलभा_म्हापसा
१६ मे, रात्री ११:१५

वहिनींना माझा नमस्कार सांगा. बटण बंद करून बघणं हे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत.

आमच्या शेजारी पोदेराची (पाववाल्याची) भट्टी आहे, लाकडावरची. पहाटे तीनला पेटते. आत चार माणसं आणि एक दार. तिथे पंखाच नाही, धुरांड्याची नैसर्गिक ओढ तेवढी. तिथे हा सेन्सर चालेल का? बाकी वाचतेय, पुढचं येऊ दे.

शंकासुर
१७ मे, सकाळी ८:०५

उत्साहावर पाणी ओततो, क्षमस्व. हाच माझा धंदा आहे (वेर्ण्याला सर्किट बोर्ड).

सीआर२०३२ हा बटण सेल घ्या. ३ व्होल्ट, साधारण २२० मिलिअँपिअर-तास, म्हणजे जवळपास २४०० जूल. ब्लूटूथचा एक छोटा संदेश ५० ते १०० मायक्रोजूलमध्ये जातो. दर १० सेकंदांनी एक धरला तर सरासरी १० मायक्रोवॅट. भागाकार करा: सात वर्षांहून जास्त. सेलची स्वतःची गळती, झोपेतला करंट, सगळं धरून चार-पाच म्हणा. पन्नास रुपयांचा सेल पाच वर्षं चालत असताना टेफ्लॉनच्या पट्ट्या फडफडवायचं कारण काय? जिथे तिथे 'स्वयंचलित ऊर्जा' लिहिलं की शोधनिबंध छापून येतो, एवढंच.

आणि बेल्ट तुटल्यावर मोटरचा भार उतरतो, करंट कमी होतो. मोटरच्या वायरला करंट सेन्सर लावा, विषय संपला.

खटपट्या फोंडेकर
१७ मे, दुपारी १:३०

शंकासुरभाऊ, हिशेब मान्य. दोन अडचणी. हे सेल साधारण ६० अंशांपर्यंतचे असतात, आणि आमच्या हुडच्या वर, तळण चालू असताना, तापमान त्याच्या पलीकडे जातं. दुसरं, करंट सेन्सर बेल्ट पकडेल, पण वरची जाळी तेलाने बुजली तर? किंवा डक्टच्या तोंडाशी कावळ्याने घरटं केलं तर? (हसू नका, झालेलं आहे.)

आता माझा हिशेब. हवेतली शक्ती म्हणजे अर्धा गुणिले घनता गुणिले क्षेत्रफळ गुणिले वेगाचा घन. मित्राच्या भिंगरीवाल्या अ‍ॅनिमोमीटरने आमच्या डक्टमध्ये वेग मोजला, सेकंदाला ६ मीटर. घनता १.२ धरली तर दर चौरस मीटरला १३० वॅट. माझ्या सेन्सरचं तोंड १० चौरस सेंटीमीटर, म्हणजे त्याच्यातून ०.१३ वॅट जाते. त्यातली हजारावा हिस्सा हाती लागली तरी १३० मायक्रोवॅट. तुमच्या १० च्या तेरा पट!

कुंडईचा केमिस्ट
१७ मे, दुपारी ३:१०

वेगाचा घन म्हणालात, तिथेच मेख आहे. तो घन वर जाताना गोड लागतो, खाली येताना मारतो.

आमच्याकडे प्रयोगशाळेत फ्यूम हूड (घातक वाफा ओढून घेणारी कपाटं) असतात. त्यांच्या तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर ठेवतात. तुमच्याच सूत्रात ०.५ घाला: १० चौरस सेंटीमीटरमधून जेमतेम ७५ मायक्रोवॅट जातात, आणि हजारावा हिस्सा घेतला तर मायक्रोवॅटचा दहावा भागही नाही. शिवाय इतक्या मंद हवेत पट्टी फडफडायलाच सुरुवात होत नाही. प्रत्येक पट्टीला एक किमान वेग लागतो, त्याच्या खाली ती नुसती लोंबते. म्हणून आमच्याकडचे मीटर गरम तारेच्या जातीचे आहेत. तार तापवायची आणि हवा तिला किती थंड करते ते पाहायचं. त्यांना सतत वीज लागते, पण मंद झोत मोजायला ते बरे.

सुलभाताई, पोदेराच्या भट्टीचं उत्तर ह्यातच आलं. नैसर्गिक ओढीचा वेग कमी आणि चंचल. तिथे ही पट्टी भरवशाची नाही.

निवृत्त खाणकरी
१७ मे, रात्री ९:२०

राम राम. डिचोलीचा आहे. आपल्या गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी उघड्या, त्यामुळे वायुवीजनाचा प्रश्न इथे कधी आला नाही. पण त्याआधी मी काही वर्षं भूमिगत कोळसा खाणीत काढली आहेत. तिथे हवा म्हणजे जीव. खाणीतल्या हवेत मिथेन १.२५ टक्क्यांवर गेलं की वीज तोडून माणसं मागे घ्यायची. ५ ते १५ टक्क्यांमध्ये तो स्फोट करतो. पंखा मंदावला की वायू साचायला वेळ लागत नाही.

तुमच्या चर्चेत एक गोष्ट सुटते आहे असं वाटतं. बॅटरीचा सेन्सर गप्प झाला तर दोन अर्थ निघतात: सगळं ठीक आहे, किंवा सेल मेला आहे. आणि माणूस नेहमी पहिलाच अर्थ घेतो. वाऱ्यावर चालणाऱ्याचं तसं नाही. हवा आहे तोवर तो बोलणार, हवा गेली की त्याची वाचा जाणार. मग त्याला 'धोका आहे' असं सांगायला लावूच नका. त्याने फक्त 'आहे, आहे, आहे' एवढंच म्हणत राहायचं. ऐकणाऱ्या यंत्राने त्याचं बोलणं थांबलं की घंटा वाजवायची. पट्टी तुटली तरी घंटा, तेलाने चिकटली तरी घंटा, बेल्ट तुटला तरी घंटा. चुकला तर सावधपणाच्या बाजूला चुकेल.

केमिस्टसाहेब ज्याला उणीव म्हणतात, की ठराविक वेगाखाली पट्टी लोंबते, तीच इथे कामाची. तो वेग पट्टीच्या लांबी-जाडीने ठरवता येतो. आकडा नको आहे आपल्याला, हो की नाही एवढं पुरे.

अवांतर: नव्या विभागात हवा पोचते का हे बघायला आम्ही छताला रिबन बांधायचो. तिला सेलही लागत नाही आणि रेडिओही. दादांच्या हुडला आधी एक लाल रिबन बांधा, मग संशोधन करा.

शंकासुर
१७ मे, रात्री ९:५५

काकांशी सहमत. मुद्दा बिनतोड. बटण सेलची माझी सूचना मी मागे घेत नाही, पण 'गप्प म्हणजे धोका' हे तत्त्व सेलवाल्यालाही लावता येईल, हे नोंदवतो. फरक एवढाच की सेल दर पाच वर्षांनी खोटी घंटा वाजवेल.

आता करतोच आहात तर ऐका. पट्टीची उलटसुलट वीज एका दिशेने वळवायला चार डायोडचा ब्रिज करताना शॉटकी जातीचे डायोड घेऊ नका. सगळे सांगतात शॉटकीत व्होल्टेज कमी पडतं म्हणून ते चांगले. पण त्यांच्यातून उलट गळती जास्त. तुमचा करंटच मायक्रोअँपिअर, तो गळतीतच जाईल. साधे १एन४१४८ घ्या. पुढे पीझोसाठी मिळणारी एलटीसी३५८८ चिप लावली तर तिचा स्वतःचा खर्च एक मायक्रोअँपिअरच्या आत आहे. ती २० व्होल्टला वरचं व्होल्टेज छाटते, त्यामुळे ट्रायबोची बरीच कमाई वाया जाईल. पीझो पट्टीला ती जास्त शोभते. साठवायला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ३ व्होल्टपर्यंत भरा, २ पर्यंत उतरवा. हाती २५० मायक्रोजूल, दोन-तीन संदेशांपुरते.

परिचारिका_मडगाव
१८ मे, सकाळी ६:४०

रात्रपाळी संपवून लिहितेय, तुटक वाटेल.

दादा, तुमच्या पोस्टमधला तो मुलगा आणि वहिनी, ते उकाड्याने झालेलं नाही हे तुम्हालाही कळलं असेल. बंद जागेत कोळसा, डोकेदुखी, मळमळ, आणि बाहेर नेलं की बरं वाटणं. कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट धरतो. आणि सगळ्यांना सांगा: बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी ९८-९९ दाखवू शकतो, कारण त्याला दोन्हीतला फरक कळत नाही. कोविडनंतर घरोघरी ते यंत्र आहे, आणि आकडा चांगला दिसला की माणसं निर्धास्त होतात. तो मुलगा एकदा तपासून घ्यायला हवा होता.

हवेचा सेन्सर करा, चांगलं आहे. पण तो वायूचा सेन्सर नव्हे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा मिळतो, तो आधी आणा. आणि कोळशाची शेगडी मागच्या अंगणात.

खटपट्या फोंडेकर
१८ मे, दुपारी १२:२०

ताई, मान खाली घालून वाचलं. मुलाला डॉक्टरकडे नेलं नव्हतं, लिंबूपाणी देऊन घरी पाठवलं होतं. आज दादा त्याला घेऊन गेलाय. शेगडी बाहेर गेली आहे. अलार्म मागवला.

काका, रिबनही बांधली. लाल नव्हती, मुलीच्या गॅदरिंगची सोनेरी उरली होती.

मांडवीकाठ
१८ मे, संध्याकाळी ७:३५

मालीम जेटीवर दोन ट्रॉलर आहेत आमचे, म्हणून ह्या विषयात रस. मासळीच्या कप्प्यात, खाली, जुनी मासळी नि घाण पाणी राहिलं की विषारी वायू धरतो. धुवायला उतरलेला एक पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. किनाऱ्यावरच्या कुठल्याही बंदरात विचारा. आम्ही आता उतरण्याआधी ब्लोअर लावतो. पण ब्लोअरची पिशवी (हवा खाली नेणारी नळी) कुठेतरी मुडपली की खाली हवा जात नाही आणि वर आवाज मोठ्ठा. फोंडेकरांच्या बेल्टसारखंच.

अशा ब्लोअरच्या पिशवीच्या खालच्या तोंडाला हा सेन्सर लावता आला तर? तिथे वेग भरपूर असतो. फक्त मीठ. आमच्याकडे स्टीलसुद्धा रडतं.

निवृत्त खाणकरी
१८ मे, रात्री ८:५०

मांडवीकाठ, जागा उत्तम निवडलीत. पण ब्लोअर चालू म्हणजे खाली उतरायला मोकळीक, असं होऊ देऊ नका. वायू मोजूनच उतरायचं.

आणखी एक, फोंडेकरांसाठीही. स्वयंपाकघरात गॅस सिलिंडर आहे. मिथेन किंवा प्रोपेन हवेत योग्य प्रमाणात मिसळलं की पेटायला पाव मिलिजूलच्या आसपासची ठिणगी पुरते. शंकासुरांच्या १०० मायक्रोफॅरडमध्ये ३ व्होल्टला ०.४५ मिलिजूल साठतात. ३ व्होल्टला ठिणगी सहसा उडत नाही हे मला माहीत आहे. पण पट्टीच्या बाजूला शेकडो व्होल्ट आहेत. तिथे साठा नगण्य, तरी दोन बाजू एकमेकींपासून दूर ठेवा, मध्ये रोध घाला, आणि सगळं रेझिनमध्ये ओतून बंद करा. खाणीत हे न करता कुणी वस्तू आत नेऊ देणार नाही. स्वयंपाकघरात विचारणारं कुणी नाही म्हणून आपणच विचारायचं.

पर्वरीचा पाहुणा
१८ मे, रात्री ११:०५

डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याच्या क्लबला आग लागून २५ माणसं गेली, त्यातली बरीच धुराने गुदमरून. अशा जागी हे सेन्सर सक्तीचे करायला हवेत.

परिचारिका_मडगाव
१९ मे, सकाळी ७:१०

पाहुणे, तिथे सेन्सर कमी पडला नव्हता. बाहेर पडायला वाट कमी पडली. दोन गोष्टींची गल्लत नको.

खटपट्या फोंडेकर
९ जून, रात्री १०:१५

तीन आठवड्यांनी अहवाल. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मे संपेपर्यंत सेन्सर झकास चालला. काकांचं तत्त्व जसंच्या तसं: पट्टी फडफडते, कपॅसिटर भरतो, भरला की एक ब्लूटूथ संदेश. गल्ल्याजवळ ठेवलेला रिसीव्हर मिनिटभर वाट बघतो, काही ऐकू आलं नाही तर बझर. बेल्ट मुद्दाम काढून चाचणी घेतली. पन्नास-पंचावन्न सेकंदांत बोंब. दादाने खूश होऊन गिऱ्हाइकांना दाखवायला सुरुवात केली.

पहिली अडचण चौथ्याच रात्री. दुकान बंद, पंखा बंद, सेन्सर गप्प, बझर चालू. रात्री साडेबाराला शेजाऱ्यांचा फोन. मग रिसीव्हरला पंख्याच्या बटणावरून वीज दिली. पण परवा वीज गेली (जून आहे, जाणारच), आणि लक्षात आलं की वीज गेली की पंखाही बंद, बझरही बंद, आणि शेगड्या मात्र गॅसवर पेटलेल्या! म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी रखवालदार झोपला. आता रिसीव्हर इन्व्हर्टरच्या लाइनीवर आहे आणि दुकान उघडताना वहिनी त्याचं वेगळं बटण दाबते. बॅटरी नको म्हणून हा सगळा व्याप, आणि शेवटी इन्व्हर्टरची बॅटरी आलीच. शंकासुरभाऊ, हसा.

दुसरी अडचण पावसाची. ५ तारखेला पाऊस धरला आणि ६ तारखेला सेन्सर मेला. पंखा ठणठणीत, पट्टीही नाचतेय, पण वीज नाही. आर्द्रता नव्वदच्या वर. पट्टीवर पाण्याचा न दिसणारा थर बसतो आणि साठलेला भार त्यातून ओघळून जातो. उन्हाळ्यात पडद्यावर दिसणारी लाट आता दहाव्या हिश्श्यावर. शोधनिबंधांत वाळक्या खोलीत केलेल्या मोजण्या असतात, आणि आपल्याकडे जुलैत कपाटातल्या चपलांना बुरशी येते.

तिसरी, चिकटा. पट्टी काढून बघितली तर तिच्यावर तेलाचा पिवळट थर. पुसली की थोडी जिवंत होते.

कुंडईचा केमिस्ट
९ जून, रात्री १०:५०

चिकट्यावर एक तोडगा सुचतो. सेन्सर बाहेर जाणाऱ्या हवेतच हवा असा हट्ट का? जेवढी हवा डक्टमधून बाहेर जाते तेवढी कुठूनतरी आत येतेच. ती जिथून येते तिथे लावा. ती हवा स्वच्छ आणि गार.

शंकासुर
९ जून, रात्री ११:२०

केमिस्ट, वा! पण दार उघडं राहिलं की हवा दारातून येणार आणि सेन्सर गप्प. खोटी घंटा.

ओलाव्यासाठी ट्रायबो सोडा, पीझोवर या. पीव्हीडीएफची पट्टी दोन्ही बाजूंनी लॅमिनेट करता येते, कारण तिला कशाला टेकायचं नसतं, नुसतं वाकायचं असतं. ओलावा आत शिरतच नाही. वीज कमी मिळेल, पण तुमच्याकडे तेरा पट शिल्लक आहे ना? आता एलटीसी३५८८ पण कामाला येईल. ट्रायबोचाच हट्ट असेल तर तो भाग डबीत सीलबंद करा, बाहेर फडफडणाऱ्या पानाला छोटं लोहचुंबक, आत दुसरं. बाहेरचं हललं की आतलं हलतं. मात्र चुंबकाच्या वजनाने किमान वेग वाढेल.

मांडवीकाठ
१० जून, सकाळी ९:००

१ जूनपासून मासेमारी बंद, बोटी ओढून वर घेतल्यात, त्यामुळे मला दोन महिने वेळ आहे. लॅमिनेट केलेली पट्टी झाली की एक मला द्या. मिठाची परीक्षा मी घेतो.

खटपट्या फोंडेकर
२८ जून, संध्याकाळी ६:४५

पीव्हीडीएफ लावून अठरा दिवस झाले. ह्या अठरापैकी पंधरा दिवस पाऊस. सेन्सर चालू आहे. संदेश आता दर पंचवीस-तीस सेकंदांनी येतो, आधी दहाने यायचा. म्हणून रिसीव्हरची वाट बघण्याची वेळ दोन मिनिटं केली. दोन मिनिटं जास्त आहेत का ह्यावर दादाशी वाद चालू आहे. माझं म्हणणं, आधी पाऊण तास लागला होता.

जागा बदलली. डक्टच्या आत नाही, पण केमिस्टसाहेबांची आत येणारी हवाही नाही, कारण मागचं दार दिवसभर उघडं असतं. आता सेन्सर डक्टच्या बाहेरच्या तोंडाशी, छपराखाली आहे. हवा तिथे पोचेपर्यंत निवलेली असते आणि तेल बरंचसं वाटेत पत्र्याला लागलेलं असतं. शिवाय कावळ्याचं घरटं पहिल्यांदा तिथेच कळेल. दर सोमवारी, दुकान बंद असतं तेव्हा, मुलगा शिडी लावून फडक्याने पुसतो. हो, तोच मुलगा. तपासणीत सगळं ठीक निघालं.

एक दिवस खोटी घंटा झाली. वाऱ्यासकट पाऊस उलटा आत शिरला आणि बाहेर जाणारी हवाच दबली. म्हणजे खोटी तरी कशी म्हणू? त्या वेळी स्वयंपाकघरात खरंच धूर कोंडला होता.

मांडवीकाठ, तुमच्यासाठी दोन पट्ट्या तयार आहेत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला येताय तर तिथेच देतो.

सुलभा_म्हापसा
२८ जून, रात्री ८:३०

मीही येईन, पोदेराला घेऊन. त्याने परवा भट्टीच्या दारावरच्या झरोक्यातलं पोतं काढून टाकलं, ताईंचं वाचून दाखवल्यावर. पहाटे गारठा येतो म्हणून कुरकुरतो, पण काढलंय.

आणि सोनेरी रिबन अजून आहे का?

खटपट्या फोंडेकर
२८ जून, रात्री ८:४१

आहे. तेलाने काळी पडली, पण हलते. वहिनी अजून आधी तिच्याकडेच बघते, मग बझरकडे.